वाचकांचे प्रश्न: एकट्याचा हलका तंबू आणि पाऊस-वारा

प्रश्न: पावसाळ्यात सह्याद्रीत एकट्याने मुक्कामाला जायचं आहे. चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा 900 ग्रॅमचा एकपदरी तंबू घ्यावा, की दीड किलोचा पोलवाला दुपदरी? एकावर 1500 मिमी लिहिलंय, दुसऱ्यावर 3000.
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दुपदरी घ्या, पण मिलिमीटर बघून नको. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की थेंब पलीकडे झिरपतात, एवढंच तो आकडा सांगतो. छताला 1500 पुरतं. तळाला 3000 तरी हवं, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की खालच्या ओलीवर तेवढ्याच जागी दाब येतो. शिवाय हा आकडा कोऱ्या कापडाचा असतो. पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचा आकडा वापराने लवकर उतरतो, दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेल्या कापडाचा सावकाश.

दुकानात आधी विचारा: बाहेरचं कापड, म्हणजे फ्लाय, आधी उभी करता येते का? जाळीचा आतला कप्पा आधी लावायची रचना असेल, तर भर पावसात फ्लाय चढेपर्यंत तळात पाणी साचलेलं असतं. दोन्ही पदर एकमेकांना अडकवलेलेच ठेवून एकदम उभा करता येणारा तंबू सगळ्यात सोयीचा.

मग खाली वाकून फ्लायची कड पाहा. हवेशीर तंबूंमध्ये ती जमिनीपासून चांगली वीतभर वर असते. हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यावर पाऊस आडवा येतो, तिथे ती चार बोटांपेक्षा वर नको. (हा गड अभयारण्यात येतो, मुक्कामाची परवानगी आधी विचारून घ्या.) तळाचं कापड कडेने 10 ते 15 सेंटीमीटर वर चढलेलं हवं आणि दार ओसरीत, म्हणजे दारापुढच्या फ्लायखालच्या आडोशात, उघडायला हवं, थेट अंथरुणावर नाही.

पाण्यापेक्षा वाऱ्याने तंबू जास्त मोडतात. पोल ॲल्युमिनियमचे, साधारण साडेआठ मिलिमीटर जाडीचे घ्या. फायबरग्लास उभा चिरतो आणि त्याची कुसळं कापड फाडतात. फ्लाय उलटी करून बघा. पोल जिथून जातो तिथे आतून छोट्या पट्ट्या हव्यात आणि नेमक्या त्याच जागी बाहेरून तणावा बांधायची कडी हवी. दोन्ही असलं की वाऱ्याचा धक्का पोलवरून तणाव्यात आणि तिथून खुंटीत उतरतो. नसलं तर पोल आत वाकत जातो आणि जोडावर मोडतो. मोडलाच तर वर सरकवायची ॲल्युमिनियमची नळी आणि थोडी चिकटपट्टी सोबत असू द्या.

वजनातही मेख असते. बरेच उत्पादक खुंट्या, तणावे आणि पिशवी वगळून वजन छापतात. सगळं धरून होणारं वजन विचारा. दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. लांबी तुमच्या उंचीपेक्षा 40 सेंटीमीटर जास्त हवी, नाहीतर स्लीपिंग बॅगचं टोक उतरत्या भिंतीला टेकून भिजतं.

काठ्यांवरचे तंबू वाईट नसतात, पण ते पूर्ण खुंट्यांवर उभे असतात. एक खुंटी निसटली की सगळं अंगावर.

प्रश्न: उजनीच्या काठावर वळवाच्या पावसात खुंट्याच उपटून आल्या. मोठ्या घ्याव्यात का?
– वाचक, होटगी रोड

उत्तर: हो, आणि आकार बदला. तारेच्या गोल खुंट्या भिजलेल्या काळ्या मातीत लोण्यासारख्या सरकतात. वाय आकाराच्या, ॲल्युमिनियमच्या, निदान 18 सेंटीमीटरच्या घ्या. त्या तणाव्याच्या उलट दिशेला थोड्या झुकवून डोकं मातीला लागेपर्यंत ठोका आणि वर जड दगड ठेवा. कातळावर खुंटी जातच नाही. तिथे तणाव्याचा फास लहान दगडाभोवती अडकवा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, मोठा दगड टेकवा. वारा ओढेल तसा लहान दगड मोठ्यावर घट्ट बसतो. नायलॉनची फ्लाय भिजली की सैल पडते, म्हणून झोपण्याआधी तणावे पुन्हा ओढा. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ढिलं पडतं.

वळीव विजा घेऊन येतो. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की काठ आणि एकटं झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा.

प्रश्न: शिवणी गळत नाहीत, तरी सकाळी फ्लाय आतून ओली. खाली प्लॅस्टिक अंथरूनही तळ ओलाच.
– वाचक, बाळे

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. फ्लायला लागतं ते श्वासाचं आणि ओल्या कपड्यांचं बाष्प. वरचा झरोका पावसातही उघडा ठेवा, ओले कपडे ओसरीत टाका. अंथरलेलं प्लॅस्टिक बहुधा तळापेक्षा मोठं आहे. फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्यावर पडून थेट तुमच्या खाली येतं. ते चारी बाजूंनी तळाच्या कडेपेक्षा पाच सेंटीमीटर आत राहील असं कापा.

प्रश्न: पोटमाळ्यावरचा जुना तंबू आतून चिकट झालाय, वास मारतोय. नवा लेप देता येईल?
– वाचक, विजापूर रोड

उत्तर: नाही. पीयूचा लेप ओलीने आणि उष्णतेने विघटित झाला आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरच्या उन्हाळ्यात तंबू ठेवूच नये, आणि ओला गुंडाळून तर मुळीच नाही. पोल आणि खुंट्या काढून घ्या, कापड टाकून द्या.

प्रश्न: सिलिकॉनच्या तंबूच्या शिवणींना टेप नाही. ओळखीच्या टेलरकडून लावून घेऊ?
– वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: नेहमीची टेप सिलिकॉनवर धरत नाही. शुद्ध सिलिकॉन सीलंट थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करा आणि उघड्यावर, तंबू ताणून उभा असताना, बाहेरून शिवणीवर ब्रशने पातळ थर द्या. जाड थर सोलून निघतो. कडी जिथे शिवली आहे तिथे दोनदा फिरवा, गळती तिथूनच सुरू होते. रात्रभर वाळू द्या आणि घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे पदर एकमेकांना चिकटणार नाहीत.