फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या गोष्टीवर बेतून लिहिलेल्या कथांमध्ये, मूळ गोष्टीतलेच प्रसंग पुन्हा पुन्हा का येतात?

कारण तो प्रसंग वाचकाला पाठ असतो, आणि म्हणूनच त्यातला एखादा बदलही लगेच नजरेत भरतो. हॅरी पॉटरचंच घ्या. १९९७ च्या पहिल्या पुस्तकात सॉर्टिंग हॅट, म्हणजे जादूच्या शाळेत नव्या मुलांना गट वाटून देणारी टोपी, हॅरीला स्लिदरिन या बदनाम गटात टाकायचा विचार करते, तो मनातल्या मनात नको नको म्हणतो आणि ती ग्रिफिंडोर जाहीर करते. फॅन फिक्शनवाले नेमके इथेच हात घालतात: टोपीने ऐकलंच नसतं तर? सभागृह, घाबरलेली मुलं, काहीच नव्याने मांडावं लागत नाही. ‘स्लिदरिन’ एवढा एक शब्द आला की ग्रिफिंडोरमधल्या रॉनशी मैत्री, स्लिदरिनच्या स्नेप मास्तरांचं वागणं, सगळंच हललं हे वाचकाला न सांगता कळतं. याला त्या मंडळींत ‘कॅनन डायव्हर्जन्स’ (मूळ कथेपासून फारकत) म्हणतात; आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर त्या टॅगखाली कथांचा ढीग आहे. बऱ्याच वाचल्यात, त्यावरून सांगतोय. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रसंग तोच, नजर वेगळी: तीच टोपी, पण हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेको याच्या डोळ्यांनी. (कर्णाच्या बाजूने महाभारत वाचलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.)

मात्र दर वेळी इतका विचार असतोच असं नाही. सातही वर्षं नव्याने लिहायला घेतलेल्या लांबलचक कथांत लेखक कित्येकदा मूळ पुस्तकाच्या रुळांवरूनच चालत राहतो, संवादसुद्धा जसेच्या तसे उतरवतो. ओळखायचं असेल तर तो प्रसंग गाळून पाहा. पुढची कथा अडली नाही, तर तो नुसता भरणा.