वाचकांचे प्रश्न : सिक्युअर बूट असला म्हणजे झाले का?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे आहेत. विक्रेता म्हणतो, ‘यात सिक्युअर बूट आहे, पासवर्ड बदलला नाही तरी चालेल.’ हे खरे मानावे का?
— एका संस्थेचे सचिव, सातारा

उत्तर : सिक्युअर बूट असेलही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

सिक्युअर बूट असलेल्या कॅमेऱ्याच्या चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, जो पुढे खुद्द कंपनीलाही बदलता येत नाही. वीज येताच तोच आधी चालतो, फर्मवेअरवरची, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरवरची, कंपनीची डिजिटल स्वाक्षरी तपासतो आणि ती जुळली नाही तर कॅमेरा सुरू होऊ देत नाही. फर्मवेअरमध्ये कोणी काही घुसडले असेल, तर ते येथे उघडकीस येते. मात्र जुन्या, सदोष फर्मवेअरवरही कंपनीचीच खरी स्वाक्षरी असते, त्यामुळे ते कोणी परत चढवले तरी तपासणीतून सुटते. म्हणून मागील आवृत्ती नाकारण्याची सोय सोबत नसेल, तर ही तपासणी अर्धीच राहते.

आता पासवर्डाचे पाहू. २०१६ मध्ये ‘मिराई’ या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तो केवळ मेमरीत राही. उपकरण बंद करून चालू केले की नाहीसा होई आणि पासवर्ड तोच असल्यामुळे काही मिनिटांत परत येई. फर्मवेअरला त्याने हातच लावला नव्हता, तेव्हा सिक्युअर बूट पकडणार तरी काय?

फाटकाजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर कॅमेरा लावणार असाल, तर आणखी एक गोष्ट विचारा. झाकण उघडल्यावर सर्किट बोर्डावर पुष्कळदा तीन-चार छिद्रांची ओळ दिसते. ती बहुधा कारखान्यातील चाचणीसाठी ठेवलेली यूएआरटी जोडणी, म्हणजे केबल लावून चिपशी थेट संपर्क साधण्याची जागा, असते. ती उघडी राहिली, तर किरकोळ किमतीच्या केबलने थेट आत शिरता येते, मग पासवर्ड कितीही अवघड असो. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केलेल्या सीसीटीव्ही सुरक्षा निकषांत अशा जोडण्या बंद किंवा संरक्षित ठेवण्याची, तसेच सिक्युअर बूटचीही अट आहे. विक्रेत्याकडून नेमक्या त्याच मॉडेलचे चाचणी प्रमाणपत्र मागा आणि फर्मवेअरचे अपडेट किती वर्षे मिळतील, हे बिलावर लिहून घ्या. पासवर्ड मात्र कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने नव्हे, तुम्ही स्वतः त्याच दिवशी बदला.