आजोबांना टोमणा कळत नाही, म्हणून हसावे का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. परवा दूध आणायला गेले ते तासाभराने परतले, तेव्हा माझा मुलगा म्हणाला, ‘वा आजोबा, किती लवकर आलात!’ ते खूश होऊन म्हणाले, ‘हो रे, आज गर्दीच नव्हती.’ सगळे हसले आणि बाबा दिवसभर गप्प राहिले. त्यांना खरेच कळत नाही का?

उत्तर : ताई, टोमणा त्यांच्या लक्षात आला नसावा, घरचे आपल्याला हसले, हे मात्र त्यांना नक्की कळले, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 18 ते 86 वर्षे वयाच्या 116 व्यक्तींना काही संवाद दाखवले आणि काही प्रसंग वाचायला दिले. त्यांत ज्येष्ठांना उपरोध ओळखणे तरुणांपेक्षा आणि मध्यमवयीनांपेक्षा जड गेले. सरळ बोललेले समजण्यात मात्र वयाने काहीच फरक पडला नाही. संवाद पाहताना होणारी ही अडचण बऱ्याच अंशी चेहऱ्यावरचे भाव टिपण्याशी जोडलेली होती, म्हणजे बाबांची बुद्धी मंदावली असा अर्थ आपण यातून काढू नये.

उपरोधात शब्द एक सांगतात आणि सूर, भुवई, ओठांची ठेवण दुसरेच सांगत असते. त्यात उतारवयात ऐकू कमी येऊ लागले, की शब्द पकडण्यातच सगळे लक्ष खर्ची पडते आणि सुराकडे ते उरत नाही. म्हणून आधी त्यांचे कान तपासून घ्या, आणि बोलताना टीव्ही बंद करून त्यांच्यासमोर बसा.

मुलाला रागावू नका, पण एकट्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा, की ‘आजोबा, उशीर झाला, मला काळजी वाटत होती’ असे म्हटले असते, तर आजोबांनी वाटेत कोण भेटले ते सारे सांगितले असते. थट्टा बंद करण्याची गरज नाही. ती त्यांना सामील करून घेणारी असावी, एवढेच पाहा.

मात्र हा बदल काही महिन्यांतच झाला असेल, आणि सोबत माणसांविषयीची आस्था आटणे, चारचौघांत भलतेच वागणे किंवा पैशांचे विचित्र व्यवहार दिसत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात विसराळूपणाच्या आधी हीच लक्षणे दिसू शकतात.