वाकळेवरची नावाची पट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेकीच्या बाळासाठी वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, शिवायला घेतली आहे. मागच्या बाजूला नाव आणि साल असलेली पट्टी लावायची आहे. आधीच्या वाकळेवर बॉलपेननं लिहिलं होतं, दोन धुण्यांत नुसता निळा डाग उरला. कशानं लिहावं? (कसबा बावडा)

उत्तर : दोऱ्यानं. घटस्थापनेआधी वाकळ धुवायला निघते, दगडावर आपटली जाते. त्या माराला शाईपेक्षा भरतकाम जास्त टिकतं.

पट्टीला मांजरपाट किंवा पांढरं पॉपलीन घ्या. इचलकरंजीच्या मागावरचं कोरं कापडही चांगलं, पण विणण्याआधी त्याच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ दिलेली असते. ते तसंच वापरलं तर पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात. म्हणून कापड रात्रभर पाण्यात भिजवा, साबणानं धुवा, वाळवून इस्त्री करा. वाकळेची लुगडीही धुतलेलीच हवीत. गडद इरकली असेल तर ओला पांढरा फडका घासून बघा. फडक्याला रंग लागला तर पट्टीलाही लागणार. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका, रंग जायचा थांबेपर्यंत लुगडं वेगळं धुवा.

तयार पट्टी ५ बाय ३ इंच पुरते. आधी भरा, मग कापा, कारण छोटा तुकडा रिंगमध्ये नीट ताणला जात नाही. अक्षरं अर्धा इंच उंच ठेवा आणि पेन्सिलीनं फिकट काढा. पाण्यानं जाणारं निळं पेन वापरलंत तर इस्त्रीआधी गार पाण्यानं खुणा पूर्ण घालवा. त्यांवर इस्त्री फिरली की त्या पक्क्या होतात.

भरायला सहापदरी दोऱ्यातले दोन पदर आणि उलटी टीप. टाका दीड-दोन मिलिमीटरचाच घ्या, लांब टाक्यानं ‘ळ’ आणि ‘क्ष’ची वळणं कोनदार होतात. जोडाक्षराला एकच पदर, नाहीतर ते भरून जातं. अनुस्वाराला गाठीचा टाका. शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि सलग घाला, म्हणजे अक्षरांची डोकी एका रेषेत येतात. मागून दोरा लांब ओढत नेऊ नका. गडद दोरा पांढऱ्या कापडातून दिसतो.

लिहायचंच असेल तर कापडासाठीचं पिगमेंट शाईचं पेन आणा. खाली झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवला की कापड सरकत नाही. हलक्या हातानं लिहा, दिवसभर वाळू द्या, मग पाकिटावर सांगितल्याप्रमाणे कोरडी इस्त्री करा. सीडीवर लिहायचा मार्कर नको, त्याची शाई धाग्याधाग्यानं पसरते.

नाव, गाव, साल आणि शिवणारीचं नाव तर घालाच, पण आत कुणाकुणाची लुगडी आहेत तेही घाला. घरातली हीच माहिती सगळ्यात आधी विसरली जाते.

प्रश्न : तयार वाकळेवर मशीननं पट्टी लावली तर टीप पुढच्या बाजूला दिसते. हातानं लावली तर कोपरे उसवतात आणि मधे फुगते. (गडहिंग्लज)

उत्तर : वाकळ अजून शिवायची असेल तर पट्टी आधीच, फक्त मागच्या थरावर, हेम घालून लावा. मग धावदोरा पट्टीवरूनही जाऊ द्या. अशी पट्टी फुगत नाही आणि सहजी निघत नाही.

जागा मात्र विचारानं निवडा. कडेपासून आत फिरत जाणारा दोरा कोपऱ्यात काटकोनात वळतो, म्हणजे कोपऱ्यातल्या पट्टीवर निम्मे टाके अक्षरं कापत जातात. बाजूच्या मध्यावर सगळ्या ओळी कडेला समांतर असतात. तिथं पट्टीची खालची कड गोटात, म्हणजे वाकळेच्या कडेला दुमडून शिवलेल्या पट्टीत, अडकवा आणि मजकुराच्या दोन ओळींमध्ये दोऱ्याची ओळ बसेल इतकं अंतर भरतानाच सोडा.

तयार वाकळेवर लावताना पट्टीच्या कडा पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, कोपऱ्यातलं जास्तीचं कापड तिरकं छाटा. एकेरी सुती दोरा, साधारण हातभर. इंचाला आठ-दहा टाके, आणि सुई मागच्या थरासह आतल्या एखाद्या थरातूनही जाऊ द्या, पण पुढे काढू नका. नुसतं वरचं कापड उचललं तर ओढ लागल्यावर तेच फाटतं. कोपऱ्यावर दोन टाके एकाच जागी घ्या. दोरा आवळला की चुण्या आल्याच. शेवटी मधे एक-दोन ओळी धावदोरा घाला.

प्रश्न : आजीच्या जुन्या वाकळेवर पट्टी लावता येईल का? कापड विरलंय. (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : येईल, पण विरलेल्या जागी नाही. बोटांनी हलकेच ताणून बघा, धागे सरकत असतील तर ती जागा सोडा. बहुतेक वेळा गोटाजवळची बाजू धड असते. धुऊन मऊ झालेलं जुनं सुती कापडच घ्या, कारण नवं ताठ कापड कडेनं जुन्याला कापत जातं. इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग अजिबात नको, ते काढताना लुगड्याचे धागे सोबत येतात. आजीचं नाव आणि साल नक्की ठाऊक असेल तेवढंच भरा. अंदाजाचं साल असेल तर पुढे ‘सुमारे’ घाला.

प्रश्न : आमचा बचत गट वाकळा विकतो. सॅटिनची छापील लेबलं चालतील का? (गारगोटी)

उत्तर : मोठ्यांच्या वाकळेला चालतील. पण सॅटिनची गरम पात्यानं कापलेली टोकं टोचतात, ती दुमडून गोटात घाला. बाळाच्या वाकळेला सुतीच लावा, आणि धुण्याची सूचनाही तिच्यावर द्या : गार पाणी, सावलीत वाळवणे.