दहावीत ५८ टक्के, आता इंजिनिअरिंगचं कसं?

अरे भाऊ, दहावीच्या टक्क्यावर कायले रडून राहिला तू. आपल्याकडं सरकारी इंजिनिअरिंगची सीट सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीत पीसीएमले (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ) ओपनवाल्याले ४५ आन् राखीववाल्याले ४० टक्के असले की झालं. सीईटीचा पेपर २०० मार्काचा, त्यात एकटं मॅथच १०० चं, मॅथच्या एका प्रश्नाले २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडाचा नाही. प्रश्न ८० टक्के बारावीचे, २० टक्के अकरावीचे, म्हणून आधी बारावीचं पुस्तक घोटून घे, लातूरच्या क्लासची फी भराले बापाले कापूस पडत्या भावात विकाले लावू नको.

पोरं खरी मागं पडतात ते कागदात. कास्ट व्हॅलिडिटीले, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीले, लय वेळ लागते, आजोबाच्या शाळेचा दाखला शोधता शोधताच महिना जाते, त्यात नावात काना-मात्रा चुकला की अजून चकरा, तर आत्ताच लाग. नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल सेतूत होऊन जाते.

मंग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच पाह्यजे त्याची नंबरानं यादी. तो सेतूवाल्याच्या भरोशावर सोडू नको, तो पटपट कायबी टाकून मोकळा होते. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहून स्वतः लिस्ट बनव, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरचं सरकारी कॉलेज वर टाक. पहिल्या नंबरवर जे टाकशील ते लागलं तर घ्याच लागते, म्हणून तिथं विचार करून टाक. कॉम्प्युटरचाच हट्ट नको, माझ्या मते सरकारीतलं इलेक्ट्रिकल गल्लीतल्या प्रायव्हेट कॉम्प्युटरपेक्षा कधीबी बरं, आन् फीसाठी महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपची वेबसाइट) फॉर्म अॅडमिशन झाल्याबरोबर भरजो.