कर्ज मुलीच्या शिक्षणाचं की पॉलिसीच्या हप्त्याचं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. मुलगी १८ वर्षांची. तिला काउंटी कॉलेजमधून डेंटल हायजिन (दातांच्या दवाखान्यात दात साफ करण्याचं, तपासण्याचं काम) करायचं आहे. आधीचे सायन्सचे विषय धरून तीन वर्षं, घरून ये-जा, फी, पुस्तकं आणि अवजारं मिळून खर्च २८,००० डॉलर. हातात पैसे नाहीत, कारण तिच्याच कॉलेजसाठी म्हणून चार वर्षं यांच्या नावच्या आययूएल पॉलिसीत (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी व्याज जोडलेला आयुर्विमा) महिना ७५० डॉलर भरतोय. हप्ता जमावा म्हणून यांनी ४०१-के, म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, बंद केलं. यांचा वर्षाचा पगार ८२,०००, माझा ३६,०००. गेल्या वर्षी यांना शुगर निघाली. पॉलिसी देणारे दादा आमच्या मंडळातलेच. ते म्हणतात, पॉलिसीला हात लावू नका, पेरेंट प्लस लोन (मुलांच्या शिक्षणासाठी आईवडिलांना मिळणारं सरकारी कर्ज) काढा. दोन वर्षांच्या डिग्रीसाठी एवढं कर्ज परवडेल का?

उत्तर: ताई, डिग्री परवडेल. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२४च्या आकड्यांनुसार डेंटल हायजिनिस्टचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ९४ हजार डॉलर आहे. हा आकडा ताशी दराला वर्षभराच्या पूर्णवेळ तासांनी गुणून येतो. प्रत्यक्षात या कामात अर्धवेळ काम करणारे पुष्कळ. दोन दिवस एका दवाखान्यात, दोन दिवस दुसऱ्या, आणि आरोग्य विमा कुणाकडूनच नाही, असंही चालतं. म्हणून सुरुवातीला ६५ हजार धरा. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आत असावं, एवढं मी बघतो. इथे ते निम्म्याहूनही कमी आहे. ‘मेडिकल लाइन’ म्हणून सगळे कोर्स मात्र एका मापाने मोजू नका. मेडिकल असिस्टंटचा मध्यम पगार ४४ हजारांच्या आसपास आहे. त्या कोर्ससाठी २८ हजारांचं कर्ज काढतो म्हणाला असतात, तर मी सरळ नको म्हटलं असतं.

विचारलंत त्याचं उत्तर संपलं. आता पॉलिसीकडे येऊ, कारण पत्र वाचून माझा जीव तिथेच अडकला.

तुम्ही जोडलेल्या स्टेटमेंटवर शेजारी शेजारी दोन आकडे आहेत. अकाउंट व्हॅल्यू २४,९००. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, १४,०००. भरलेत ३६,०००. आज मागितलेत तर १४,०००च मिळणार, मधले २२,००० कमिशन, खर्च, विम्याचा आकार (विमा संरक्षणासाठी कापली जाणारी रक्कम) आणि सरेंडर चार्ज (मुदतीआधी मोडल्याचा दंड) यांत गेले. मुलगी १४ वर्षांची असताना, चार वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी, दहा वर्षं सरेंडर चार्ज असलेली पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली. ज्याने ती विकली त्याला मुलीचं वय माहीत होतं. याला मी चुकीचा सल्ला म्हणत नाही, ही फसवणूक आहे.

‘बाजार पडला तरी शून्याच्या खाली जात नाही’ असं तुम्हाला सांगितलं असणार. व्याज शून्याखाली जात नाही हे खरं, पण विम्याचा आकार आणि इतर खर्च त्या वर्षीही कापले जातात, म्हणजे रक्कम घटतेच. बाजार चढला तर वाढ कॅपपाशी, म्हणजे ठरवलेल्या कमाल मर्यादेपाशी, थांबते, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश मोजलाच जात नाही. इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पैसे कसे वाढतील ते दाखवणाऱ्या तक्त्यात, ७ टक्क्यांचा रकाना तुम्हाला दाखवला. त्याच्या शेजारचा ‘गॅरंटीड’ रकाना वाचा: यांच्या ७१व्या वर्षी तिथे शून्य आहे. वय वाढतं तसा विम्याचा आकार वाढतो, म्हणून.

दादांचं म्हणणं, पॉलिसीतले पैसे फाफ्सात, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात, दाखवावे लागत नाहीत. बरोबर आहे. पण आईवडिलांच्या मालमत्तेतला फार तर ५.६४ टक्के भाग त्या हिशेबात धरतात. १४,०००वर ते ८०० डॉलरसुद्धा होत नाहीत. तुमची मदत अडते ती १,१८,०००च्या मिळकतीमुळे.

आणि पेरेंट प्लस? २०२५-२६चा दर जवळपास ९ टक्के, शिवाय ४ टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. २८,०००वर दहा वर्षं महिना ३५०, एकूण ४२,०००च्या वर. तेही तुमच्या नावावर, मुलीच्या नाही. तीन वर्षांचा हप्ता होतो २७,०००, शिक्षणाचा खर्च २८,०००. हे कर्ज तुम्ही मुलीसाठी काढत नाही आहात, पॉलिसीचा हप्ता चालू राहावा म्हणून काढत आहात.

यातून बाहेर पडताना क्रम चुकवू नका. शुगर आहे, म्हणून आधी यांच्यासाठी १५ वर्षांच्या टर्म इन्शुरन्सचा अर्ज करा. दर चढा लागेल, महिना २०० धरा. नवी पॉलिसी मंजूर होऊन सुरू झाल्यावरच जुनी सरेंडर करा. कुणीच टर्म दिला नाही तर आययूएल तगेल एवढाच किमान हप्ता भरा, मृत्यूनंतरचं संरक्षण सोडू नका.

सुटलेल्या ९,०००चा हिशेब असा. टर्मला २,४००. ४०१-के लगेच सुरू करा, पगाराच्या ६ टक्के म्हणजे ४,९००. कर वाचतो, त्यामुळे खिशाला ४,०००च्या आतबाहेर. कंपनी त्यावर निम्मे घालते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वर्षाला २,५०० डॉलर तुम्ही चार वर्षं सोडून दिलेत. उरतात अडीच हजार, तीन वर्षांचे ७,५००. सरेंडरचे १४,०००. झाले २१,५००. राहिलेले ६,५०० अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिटमधून निघतात: वर्षात फी-पुस्तकांवर ४,००० खर्च झाला की २,५०० पर्यंत करातून वजा होतात, आणि तुमच्या मिळकतीला तो पूर्ण मिळतो. पैसे रिटर्न भरल्यावरच येतात, तेवढ्यापुरतं मुलीने स्वतःच्या नावावर फेडरल डायरेक्ट लोन घ्यावं. पहिल्या वर्षी तिला ५,५०० पर्यंत मिळतं, २०२५-२६चा दर साडेसहा टक्क्यांच्या आत. त्यासाठी फाफ्सा भरा.

‘दहा वर्षं थांबा, मग सरेंडर चार्ज नाही’ असं ते म्हणतील. त्यासाठी आणखी ५४,००० भरावे लागतील. मंडळात रोज भेट होते म्हणून संकोच वाटतो हे मी समजू शकतो, पण सरेंडरसाठी त्यांची परवानगी लागत नाही. कंपनीला फोन करून फॉर्म मागवा.

एक धोका मात्र डिग्रीतच आहे. पहिल्या वर्षी फक्त अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री होतं. डेंटल हायजिनच्या जागा मोजक्या, आणि त्या या विषयांच्या मार्कांवर भरतात. कॉलेजला विचारा: किती अर्ज, किती जागा, किती मुली पूर्ण करतात, नॅशनल बोर्डात (परवान्यासाठीच्या परीक्षेत) किती पास होतात. जागा हुकली तर रेडिओग्राफी किंवा रेस्पिरेटरी केअरला यातले बरेचसे विषय चालतात, आणि तिथला मध्यम पगारही ८० हजारांच्या आसपास आहे. तिने दोन्हीकडे अर्ज भरावा.