तुम्ही विचारलंत : वाळवंटी भागातली सेप्टिक टँक

प्रश्न : टँक बांधून ६ वर्षं झाली, एकदाही उपसलेली नाही. तक्रार काही नाही. भरली का हे कसं ओळखायचं? जिवाणूंची पूड टाकली तर उपसा टळतो का?

सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. पाहायचं ते आत पाणी किती आणि गाळ किती. तक्रार नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गाळ बाहेर वाहायला लागला तरी संडास लगेच तुंबत नाही. तो आधी शोषचरातली, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरातली, माती बुजवतो, आणि ते दुरुस्त करणं उपशापेक्षा कितीतरी महाग पडतं.

मोजायला टँकच्या खोलीपेक्षा लांब काठी घ्या आणि तिच्या खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल सुतळीनं घट्ट बांधा. पाणी बाहेर जातं त्या बाजूचं झाकण उघडा, काठी तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सरळ वर काढा. काळा, दाट डाग जिथपर्यंत, तितका गाळ. पाण्यावर तरंगणाऱ्या घाणीच्या सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोका. सायीतून खाली ढकलून थोडी फिरवा आणि वर ओढा. जिथे अडते तिथे सायीचा तळ. गाळाचा माथा बाहेरच्या टी-पाइपच्या (पाणी बाहेर नेणाऱ्या, T आकाराच्या पाइपच्या) खालच्या तोंडापासून ३० सेंमीच्या आत किंवा सायीचा तळ १५ सेंमीच्या आत आला, की टँकर बोलवा. साधारण घरात ही वेळ ३ ते ५ वर्षांनी येते, म्हणजे तुमची बहुधा येऊन गेली आहे.

वाळवंटात आत येण्याच्या बाजूलाही काठी घालून पाहावी. पायांची, कपड्यांची, फरशीची वाळू मोरीतून तिथेच उतरते. मैल्याचा गाळ काठीला मऊ लागतो, वाळू करकरते. वाळू कुजत नाही, त्यामुळे कुठल्याही पुडीनं ती कमी होणार नाही. दाबून बसली तर टँकरच्या पाइपलाही दाद देत नाही, आधी पाण्याच्या झोतानं मोकळी करावी लागते. पाय बाहेर धुवा. फरशी पुसलेलं पाणी बादलीत निवळू द्या आणि तळाची वाळू अंगणात टाका. पुडीचं म्हणाल तर लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज येतातच. पैसे उपशासाठी ठेवा.

झाकण एकट्यानं उघडू नका. जवळ विडी-काडी नको, डोकं आत घालायचं नाही, आणि कोणी आत पडला तरी त्याच्यामागे उतरायचं नाही. आतल्या वायूनं काही क्षणांत शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेलाही तिथेच राहतो. बचाव पथकाला बोलवा, तोवर वरूनच हवा जाईल असं पाहा.

झाकण उघडलंच आहे तर पाण्याची पातळीही पाहून घ्या. ती बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी असायला हवी. रोज वापर असूनही खाली असेल तर टँक गळते आहे. कोरडी जमीन ते पाणी गुपचूप पिते, वर ओल दिसत नाही, म्हणून ही गळती वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पातळी पाइपच्या वर असेल तर बाहेर जाण्याच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर तुंबलाय किंवा शोषचर पाणी घेत नाही. फिल्टर वर्षातून एकदा काढून धुवा. धुतलेलं पाणी टँकमध्येच, आत येण्याच्या बाजूला पडू द्या.

प्रश्न : आमची जमीन निव्वळ वाळू. तरी शोषचरावर पाणी साचतं. असं कसं?

वर वाळू आणि खाली चुनखडीनं सांधलेला कंकराचा थर, ही वाळवंटातली नेहमीची गोष्ट. तो पाणी सोडत नाही. चराजवळ खणून पाहा. पांढरट, कुदळीला ठणकणारा थर लागला तर त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे. मग दुसरी जागा शोधावी लागते, थर पातळ असेल तर फोडून आरपार जावं लागतं, किंवा वर भर घालून चर उंचावर घ्यावा लागतो.

नवीन जागेची चाचणी घाईत करू नका. सुकी माती पहिलं पाणी घटाघट पिते आणि फसवते. चराच्या खोलीइतका खड्डा करा, तळाला ५ सेंमी खडी टाका आणि रात्रभर पाण्यानं भरलेला ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंमी पाणी भरून मोजा. २.५ सेंमी उतरायला तासाहून जास्त वेळ लागला तर साधा चर तिथे चालणार नाही. फारच झटकन उतरलं तरी वाईट, कारण न गाळलेलं पाणी थेट भूजलात जातं.

कंकर नसेल तर चरावर काय अंथरलंय ते बघा. तण येऊ नये म्हणून प्लॅस्टिक घालून वर खडी पसरायची पद्धत असते. त्यानं चराला हवा मिळत नाही, बाष्पीभवन थांबतं, आणि मातीवर चिकट काळा थर धरतो. प्लॅस्टिक काढा. झाडं, ठिबक, गाडी यांतलं काहीही चरावर नको. कोरड्या मुलखात झाडाची मुळं ओल शोधत पाइपच्या सांध्यांतून शिरतात.

प्रश्न : कूलरचं आणि आरओचं वाया जाणारं पाणी टँकमध्ये सोडलं तर चालेल?

नको. दिवसभर थेंबथेंब येणारं हे पाणी टँकमधल्या मैल्याला तळाशी बसायला वेळ देत नाही. त्याला किमान २४ तास मिळायला हवेत. शिवाय त्यात क्षार दाटलेले असतात. वेगळ्या खड्ड्यात सोडा, नाहीतर फरशी पुसायला वापरा.

प्रश्न : दोन महिन्यांनी घर उघडलं तर न्हाणीघरात सडका वास. टँक फुटली का?

बहुधा नाही. मोरीच्या सापळ्यातलं, म्हणजे जाळीखाली वायू अडवणारं, पाणी आटलं आणि वायू वर आला. प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी ओता. पुन्हा बाहेरगावी जाताना त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी आटायला वेळ लागतो. टँकमधले जिवाणू तेवढ्यानं मरत नाहीत.

प्रश्न : अचानक पूर येऊन गेला, अंगणात चिखल आहे. टँक लगेच उपसावी का?

थांबा. भिजलेल्या जमिनीत रिकामी टँक, विशेषतः प्लॅस्टिकची किंवा फायबरची, वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. तोवर घरातलं पाणी अगदी जपून वापरा. जमीन निथळल्यावर आधी झाकणं आणि टी-पाइप तपासा, मग गाळ मोजा. पुराबरोबर वाळू आत गेली असेल तर उपसा तेव्हाच करा.